ओदेराच्या भिंतीतील ओल

न्यान्दो नदीचे पाणी ओदेराच्या घरात गुडघाभर चढले, पाहुण्यासारखे मुक्काम करून राहिले आणि निरोप न घेता निघून गेले. मागे राहिलेला गाळ ओदेराने उपसला. परंतु त्याच्या घराच्या भिंती आतून मातीच्या व वरून सिमेंटच्या गिलाव्याच्या असल्याकारणाने त्यांत मुरलेले पाणी तेथेच कोंडून बसले. लवकरच त्या भिंतींवर काळपट हिरव्या बुरशीची नक्षी उमटली, आणि रांगत्या वयाची त्याची लेक अकोथ खोकू लागली.

अशा समयी आसेम्बोहून सासूबाई न्यासेमे यांचा निरोप आला की, शनिवारी येते. घर कोरडे असेल तर लेक व नात तेथेच राहतील, नसेल तर भाताची कापणी होईपर्यंत दोघींना माहेरी घेऊन जाईन.

तो निरोप ऐकून ओदेराने अकोथला उचलून घेतले. अकोथ दिवसभर त्याच्या खांद्यावर बसून अहेरोच्या बाजारात तांदूळ विकायला येत असे. ती नसलेल्या घराची त्याला कल्पनाच करवेना.

वस्तुतः काय करावयास हवे, हे नदीकाठच्या प्रत्येकास ठाऊक होते. गिलावा कमरेपर्यंत फोडावा, आतली माती उघडी करावी, बुरशी सोड्याच्या पाण्याने घासून काढावी, दारेखिडक्या सताड उघड्या टाकाव्यात आणि धीर धरावा. यांपैकी शेवटची वस्तू ओदेराच्या घरी कधीच नव्हती. त्याने बाजारातून निळ्या ऑइलपेंटचा डबा आणला, ओल्या भिंतीवर त्याचे दोन हात मारले, आणि पुढे आपला प्राणप्रिय सोफासेट, त्यावरील क्रोशाच्या पांढऱ्या रुमालांसह, भिंतीला चिकटवून मांडला.

"अहो, भिंत अजून गार लागतेय हाताला," त्याची बायको आपियो म्हणाली.

"रंग नवा आहे, म्हणून गार लागतो."

शेजारच्या वृद्ध न्यागोलो दारातूनच डोकावल्या. नात्याने त्या ओदेराच्या आजी लागत, म्हणून तिकडच्या थट्टेच्या रीतीप्रमाणे त्यास 'नवरोबा' म्हणून छळण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. "नवरोबा, न्हाण्याआधीच नवे कपडे घातलेस की रे भिंतीला! वास बघ कसा येतोय!"

"आजी, तो रंगाचा वास आहे."

"असेल बाबा. माझं नाक म्हातारं झालंय. तुझ्या सासूचं मात्र अजून तरणं आहे हो!"

शनिवारी सासूबाई आल्या. जावयाकडे थेट पाहणे किंवा त्याच्याशी सरळ बोलणे हे त्यांच्या रीतीत बसत नव्हते. म्हणून ओदेरा अंगणात पाठ करून बसला आणि त्या पुढच्या खोलीत शिरल्या. त्यांनी नाक वर केले, एक दीर्घ श्वास घेतला. नंतर सोफा बाजूला सारून भिंतीवर आलेल्या एका टपोऱ्या फुग्याला त्यांनी नखाने टोचले. रंगाचा पापुद्रा फाटून पाण्याचा ओघळ खाली आला.

त्या बाहेर आल्या आणि अंगणात दाणे टिपणाऱ्या एका कोंबडीस उद्देशून म्हणाल्या, "काय गं, तुमच्या मालकांनी भिंतीत विहीर खणली का? निळ्या पाण्याची?"

ओदेराचे कान तापले. तोही रीतीप्रमाणे त्याच कोंबडीस म्हणाला, "सासूबाईंना सांग, थोडी मुदत द्या. भिंती उघड्या करतो."

"जावईबापूंना सांग, मुदत दिली. पण पोरगी या घरात झोपणार नाही."

जावयाच्या छपराखाली सासूने रात्र काढावयाची नसते. म्हणून लेक आणि नात घेऊन त्या न्यागोलोंच्या घरी उतरल्या. दिवसा मात्र त्या ओदेराच्या अंगणातील पेरूच्या झाडाखाली ओदेराकडे पाठ करून बसत आणि कोंबडीशी संभाषण करीत. ओदेरा छिन्नी चालवू लागला की म्हणत, "हळू म्हणावं गं, भिंतीने काय घोडं मारलंय!" तो थांबला की म्हणत, "झोपले वाटतं!"

पुढच्या खोलीतील गिलावा गळून पडला, बुरशी घासली गेली, ऊन व वारा आरपार खेळू लागला. सोफ्याचा रंग उन्हात उडू नये, या काळजीपोटी ओदेराने तो सगळाच्या सगळा झोपायच्या खोलीत, अजून न फोडलेल्या भिंतीला लावून रचून ठेवला व खिडकीही लावून घेतली.

एके सकाळी सासूबाईंनी पुढच्या खोलीतील मातीला गाल लावून पाहिला. "कोरडी खणखणीत," त्या म्हणाल्या. आपियोचा चेहरा फुलला. ती अकोथची दुपटी गोळा करावयास निघाली.

"थांब. आतली भिंत?" सासूबाई म्हणाल्या.

जावयाच्या झोपायच्या खोलीचा उंबरा ओलांडणे त्यांना वर्ज्य होते. आपियो आत निघाली, तेव्हा त्यांनी तिचा हात धरला. "तू नको जाऊस. पोरगी ज्या भिंतीशी झोपणार, ती त्यांनी स्वतः हात लावून सांगावी."

ओदेरा आत गेला. सोफ्यामागील फटीत त्याने हात घातला. बोटांना गार, मऊ, लवदार काहीतरी लागले. बाहेर अकोथ खिदळत होती. 'कोरडी आहे' एवढेच म्हणावयाचे होते. उंबऱ्याबाहेरून कोणास काय दिसणार होते?

तो बाहेर आला. कोंबडी जवळपास कोठेच नव्हती. मान खाली घालून, अखेर तो सरळ सासूबाईंनाच म्हणाला, "आई, ओली आहे. पूर्ण ओली. मी सोफा वाचवत बसलो."

आपियोच्या हातातील दुपटी तशीच राहिली. सासूबाई शेजारच्या घराकडे वळल्या.

"न्यागोलोबाई," त्यांनी हाक मारली, "तुमच्या घरी आमची अजून थोडे दिवस सोय होईल का हो? आसेम्बोला जायची काही घाई दिसत नाही."

"राहा की! नवरोबाची फजिती मला फुकटात बघायला मिळतेय!"

ओदेराने सोफ्याचे एक टोक धरले, दुसरे आपियोने. एकेक करून सोफासेटचे सगळे नग भरउन्हात येऊन पडले. मग खिडकी उघडली गेली आणि छिन्नीचा पहिला घाव बसला.

"खालून सुरुवात करा म्हणावं," पेरूखालून आवाज आला. "पाणी खालून चढतं. आणि पोरगीला घ्या आधी थोडा वेळ, बाबांकडे जायचं म्हणून रडतेय."