बोअरच्या पाण्यातलं प्रथिन

आईच्या तेरवीच्या आदल्या दिवशी माझ्या मोजणीचे आलेख आले. वडनेरच्या घरी भोपळा चिरता चिरता मी ते मोबाइलवर पाहिले. दोन रेषा एकमेकींवर तंतोतंत बसल्या होत्या. बसायला नको होत्या. मला काहीच वाटलं नाही. मी पुढची फोड चिरली.

वर्ध्याच्या एका महाविद्यालयात मी कॅल्शियम धरून ठेवणाऱ्या एका प्रथिनावर पीएचडी करते. स्फटिकात ते काठीसारखं ताठ दिसतं. पण शरीरात काही ते स्फटिक होऊन बसत नाही, पाण्यात असतं, आणि पाण्यात वळतं, लवतं. कॅल्शियम मिळालं की आवळतं, काढून घेतलं की सैल पडतं, असा माझा अंदाज. किती सैल, ते मोजायचं होतं. आईला एकदा हे सांगितलं, तर म्हणाली, "म्हंजे कॅल्शियम नसलं का माह्या गुडघ्यावानी लुळं?" इतकं नेमकं पाच वर्षांत माझ्या मार्गदर्शकांनाही सांगता आलेलं नाही.

आठ महिने थांबल्यावर इंदूरच्या मोठ्या क्ष-किरण यंत्रावर मला एक दिवस मिळाला. त्याच दुपारी धाकट्या भावाचा, किशोरचा फोन आला. "माय सिरीयस हाये. निंग लवकर." यंत्र दुसऱ्या सकाळपर्यंतच माझं होतं, आणि ते प्रथिन बर्फातसुद्धा फार दिवस टिकत नाही. मी म्हटलं, सकाळी निघते. आई संध्याकाळी गेली. मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं.

नातेवाइकांनी तोंडसुख घेतलं. चुलते बंडूजी तर अंगणभर ऐकू जाईल असं म्हणाले, "शिकून शिकून दगड झाली पोरगी." बाबांनी त्यांना एवढंच सांगितलं, "काम तसंच होतं तिचं." मी तिथेच उभी होते. दगड म्हटल्याचं वाईटही वाटलं नाही, कारण ते खरंच होतं.

आणि आता ते कामही गेलं होतं. कॅल्शियम काढलेल्या नमुन्यातही कॅल्शियम होतं, म्हणून त्याची रेषा दुसऱ्या नमुन्याच्या रेषेवर बसली होती. नमुने केले त्या दिवशी शुद्ध पाण्याचं यंत्र बंद पडलेलं. माझी धावपळ पाहून प्रयोगशाळेतल्या सुलोचनाबाईंनी कॅन बोअरवरून भरून आणला. आमच्याकडचं बोअरचं पाणी म्हणजे चहाच्या भांड्यात आठवड्याभरात कॅल्शियमचा पांढरा थर. पाणी तपासायला दोन मिनिटं लागतात. मी तपासलं नाही. सुलोचनाबाईंचा राग यावा म्हणून मी प्रयत्न करून पाहिला. आला नाही. मुसळ केरात गेलं होतं आणि टाकणारी मीच होते.

धास्ती एकाच गोष्टीची होती. बाबा विचारतील, झालं का काम? तेव्हा हो म्हणायचं, असं मी ठरवून टाकलं.

तेरवीच्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर बाबा वांगी तोडायला वावरात गेले. सकाळी हिंगणघाटच्या बाजारात माल न्यायचा होता. मीही टोपलं घेऊन मागे गेले. दोन ओळी झाल्या तरी ते काही विचारेनात. शेवटी माझ्याच्यानं राहवलं नाही.

"बाबा, काम नाई झालं. पाणी चुकीचं वापरलं मी. सारं वाया गेलं. मी थांबले, ते फुकट थांबले."

बाबांचा हात चालूच होता. ओळीच्या टोकाशी येऊन त्यांनी विचारलं, "अजून कोनाले सांगतलं?"

"कोनालेच नाई."

"तुह्या मायनं त्या दिवशी दोनदा इचारलं, गुंजन आली का म्हून." बाबांनी हातातलं वांगं टोपल्यात टाकलं. "मंग म्या सांगून देल्लं, तिचं काम झालं, चांगलं झालं, आता निंगाली ते. तं हासली."

बाबा पुढच्या झाडाशी वाकले, पण त्यांनी काही तोडलं नाही.

"आता तिले कसं सांगू म्या?"