पंपाच्या पोटातलं पॅकिंग

मी एक जुना सहाचाकी लष्करी ट्रक आहे, मित्रांनो, आणि मी डूख धरतो. म्हाताऱ्या गाड्या मनाने मोठ्या असतात असं तुम्ही ऐकलं असेल. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका.

लष्करात माझ्या अंगाला कोणी कुठवर हात लावायचा, हे ठरलेलं असतं. तेल, पाणी, चाकांतली हवा आणि ढिले नट ही पहिली पायरी, ती ड्रायव्हरची. ब्रेक, क्लच, बॅटरी बदलणं ही दुसरी; ती तुकडीच्या वर्कशॉपची. माझा डिझेल पंप मात्र तिसऱ्या पायरीवरच उघडायचा, दूरच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये. म्हणून त्याला तारेत ओवलेलं शिशाचं सील असतं. ते तुटलं की कोणीतरी आपली पायरी सोडली असं समजायचं.

माझा ड्रायव्हर फारसा बोलत नसे, म्हणून सगळे त्याला मौनी म्हणत. अकरा वर्षं त्याने माझं तेल पाहिलं, टायर ठोकून हवा ऐकली. तपासणीला साहेब म्हणायचे, "गाडी ठेवावी तर अशी." तेव्हा मौनी मान खाली घालून माझ्या मडगार्डवर फडकं फिरवत राही.

एका वर्षी तपासणीच्या चार दिवस आधी माझा पंप गळू लागला. मोठ्या वर्कशॉपला पाठवलं तर तीन महिने जाणार आणि तपासणीत एक गाडी कमी दिसणार. तुकडीच्या वर्कशॉपचा प्रमुख, म्हणजे उस्ताद, याला ते नको होतं. मौनी जेवायला गेल्यावर त्याने पक्कडीने सील तोडलं. आतलं पॅकिंग फाटलं होतं आणि तसं दुसरं त्याच्याकडे नव्हतं, कारण ते काम त्याचं नव्हतंच. मग त्याने वर्कशॉपच्या टेबलावरचं कामाच्या नोंदीचं एक जाड जॉबकार्ड उचललं, कात्रीने त्याचं पॅकिंग कापलं आणि पंप बंद केला.

तपासणी पार पडली. पण पुठ्ठा तो पुठ्ठाच. आठवड्याभरात मी चढावर बंद पडलो आणि साहेबांनी तुटलेलं सील पाहिलं.

"आमच्याकडे ही गाडी आलीच नाही, साहेब," उस्ताद म्हणाला. "हिच्याजवळ दिवसभर हाच असतो."

"मी नाही तोडलं, साहेब," मौनी म्हणाला.

"मग काय उंदरांनी कुरतडलं?" साहेबांनी विचारलं.

मौनीला स्टिअरिंगवरून उतरवून भांडारात पोती उचलायला लावलं. चौकशीत दोषी ठरला तर त्याची नोकरी जाणार होती. मला मोठ्या वर्कशॉपला ओढत नेलं. वाटेत खड्ड्यांचे धक्के बसत होते आणि माझ्या मनात एकच होतं, तो पुठ्ठा फाटू द्यायचा नाही.

तिथल्या चष्मेवाल्या मिस्त्रीबाईंनी पंप उघडला आणि चिमट्याने पॅकिंग बाहेर काढलं.

"अहो, इकडे या जरा," त्यांनी शेजारच्याला हाक मारली. "या पंपाने कार्ड खाल्लंय."

डिझेलने पेन्सिलीचं अक्षर पुसलं नव्हतं. कार्डावर तपासणीच्या आठवड्यातली तारीख होती, कुठल्याशा गाडीचा क्लच बदलल्याची नोंद होती आणि खाली उस्तादची ठसठशीत सही. मित्रांनो, नवा रंग लागल्यावरही मला इतका आनंद झाला नव्हता.

उस्तादच्या बाहीवरची हुद्द्याची एक फीत उतरली. शिवाय साहेबांनी त्याला वर्षभरासाठी पहिली पायरी दिली. आता तोच माझं तेल, पाणी, हवा पाहतो. मौनी निर्दोष सुटला, पण मी परत येईपर्यंत त्याला दुसरा ट्रक मिळाला होता. तो रागही मी उस्तादवरच काढतो. त्याने घाम गाळून हवा भरली की तासाभरात मी ती सोडून देतो.

परवा मौनी शेजारून जाता जाता थांबला.

"उस्ताद, व्हॉल्व्हला टोपी नाही. हवा राहील कशी?" त्याने खिशातून टोपी काढून घट्ट बसवली.

"तुला माझा राग येत नाही?" उस्तादने विचारलं.

"येतो ना. पण गाडीने काय केलंय?"

आणि त्याने माझ्या मडगार्डवरून हात फिरवला.

मित्रांनो, यंत्रांना जपा. जे आपलं काम नाही ते उघडू नका आणि उघडलंच तर दुसऱ्याच्या माथी मारू नका. मौनीने टोपी लावलेल्या चाकातली हवा मी आता जाऊ देत नाही. उरलेली पाच चाकं आहेतच.