छपरातला बारावा तक्ता

वाचनालयाच्या छपरात एकूण बारा तक्ते. अकरा स्वच्छ, एक धुरकट. मित्रांनो, तो धुरकट, जुना तक्ता म्हणजे मी. लोक आम्हाला काच समजतात, पण आम्ही बाराही लाकूड आहोत.

मी एका फिक्या, मऊ लाकडाच्या झाडाचा. प्रयोगशाळेतल्या ताईंनी माझ्यातले लिग्निन काढून टाकले. लाकडाला रंग आणि ताठपणा त्याच्यामुळेच येतो. मी कागदासारखा पांढरा पडलो. मग माझ्या रिकाम्या, बारीक नळ्यांमध्ये त्यांनी पारदर्शक राळ भरली आणि माझ्यातून उजेड पार जाऊ लागला. चौऱ्याऐंशी टक्के! शिवाय मी काचेपेक्षा हलका, थंडीत खोलीची ऊब धरून ठेवणारा. पहिल्या वर्षी लोक मान वर करकरून बघायचे. पुढे मानांना सवय झाली.

नऊ वर्षे गेली. मी कडेकडून पांढुरका होत गेलो. खरे सांगू? थकलो.

गेल्या महिन्यात वाचनालयाच्या बाई ताईंना म्हणाल्या, "याच्या खालच्या टेबलावर कुणी बसतच नाही हो. मोतीबिंदू झालाय तुमच्या लाकडाला! समितीचं ठरलंय, एक जरी तक्ता साठ टक्क्यांच्या खाली असला, तर बाराही काढून काच बसवायची."

ताईंनी उजेड मोजला. सत्तेचाळीस.

"मला एक महिना द्या," एवढेच त्या म्हणाल्या.

आम्हाला बसवणाऱ्या काचवाल्या काकांनीच मला खाली उतरवले. ताईंनी माझ्या कडांवरून बोट फिरवले. तीन कडांवर पाणी अडवणारा लेप होता. चौथी उघडी.

"काका, ही कड कुणी तासली?"

"मीच. चार मिलिमीटर जास्त भरत होता."

"आणि लेप?"

"काचेच्या कडेला कुणी लेप लावतं का? तिला कुठे तहान लागते!"

"हे लाकूड आहे, काका. नऊ वर्षं पाणी पितंय. तेव्हाच बोलला का नाहीत?"

"घट्ट बसला की! बसलेल्या तक्त्याबद्दल कोण बोलतं, पोरी?" काकांचा आवाज मात्र उतरला होता.

ओलीने माझे धागे फुगून राळेपासून सुटले होते. त्या फटींमध्ये उजेड विखरून जात होता. तीन आठवडे मी उबदार खोलीत वाळलो. ताईंनी फटींमध्ये पुन्हा राळ भरली. लेप काकांनी स्वतः लावला, चारही कडांना, दोन-दोन हात.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. एखाद्या वस्तूला हत्यार लावण्याआधी ती कशाची बनली आहे हे विचारा. आणि चुकून काही बिघडले, तर त्याच दिवशी सांगून टाका. नऊ वर्षे फार मोठी असतात.

आज मला पुन्हा छपरात चढवले. खाली बाई समितीचा कागद घेऊन उभ्या राहिल्या. काका शिडी धरून. ताईंनी मीटर तीनदा धरला.

साठ. बासष्ट. एकसष्ट.

सरासरी एकसष्ट टक्के.