उलटा फर्मा

सोळाव्या पानानंतर पुस्तक एकदम उलटं झालं. बाइंडरने नीट पाहिलं. ताईने एक फर्मा, म्हणजे घडी घातलेल्या सोळा पानांचा गठ्ठा, डोकं खाली करून शिवला होता. एकवीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

त्याने दोरा उसवला, फर्मा सरळ केला आणि पुन्हा शिवायला घेतला.

समोर ताई बघत होती. नवरा गेल्यावर ती धाकट्या भावाकडे आली, तेव्हापासून दोघं याच टेबलावर काम करत होती. आता तिच्या मुलाने तिला कायमचं बोलावलं होतं. उद्या तिला मुलाला उत्तर द्यायचं होतं. "जाऊ का?" असं तिने भावाला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तो म्हणाला, "तू म्हणशील तसं."

माणसाने काही मागू नये, असं त्याला वाटे. मागितलं की आपल्यात काय कमी आहे ते उघडं पडतं. लग्नही असंच राहून गेलं. कोणी विषय काढील म्हणून तो थांबला. लोक त्याला समाधानी म्हणत. हळूहळू तोही तसंच समजू लागला.

"मुद्दाम उलटा शिवला," ताई म्हणाली.

"कशाला?"

"म्हटलं, ओरडशील तरी. तुझ्यापेक्षा ही खळ बरी. निदान धरून तरी ठेवते."

तो बोटांची खळ पुसत राहिला. "नवी शिवणारी मिळायला वेळ लागेल," तो म्हणाला.

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. शिवणाऱ्या छप्पन मिळतील."

बोटं कधीच स्वच्छ झाली होती, तरी तो पुसतच होता.

"मला एकट्याने जेवता येत नाही," तो खाली बघत म्हणाला. "तू जाऊ नयेस, असं मला वाटतं."

ताईने सुई पुठ्ठ्यात टोचली.

"इतकी वर्षं मी स्वतःला इथे उपरी समजत होते रे. तसंच समजून गेले असते."

"मग राहा ना."

"नाही. लेकाला माझी गरज आहे. तो मागतोय कधीचा."

"राहा ना, ताई."

"नाही," ती म्हणाली, आणि पदराने डोळे टिपले.

तो ऐकत बसला. साठ वर्षांत त्याला असं कोणी 'नाही' म्हटलं नव्हतं; त्याने काही मागितलंच नव्हतं.