वातीचे तीन सेकंद

लाइटवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास, विमान संग्रहालयाच्या मागच्या हॉलमध्ये. आणि कशामुळे, तर एका आकड्यामुळे. तीन. प्रोग्रॅमच्या ओळींमध्ये तो असा मुकाट बसला होता, की जणू कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही.

पण आधी ही बाई कोण ते सांगायला हवं. तीस वर्षं नाटकांची प्रकाशयोजना करून ती नुकतीच निवृत्त झाली होती. निवृत्तीनंतर कुणी बाग करतं, कुणी विणकाम. हिने घरच्या कॉम्प्युटरवर विमानं उडवायला घेतली, सिम्युलेटरमध्ये. त्यातही दुसऱ्या महायुद्धातली, रात्री समुद्रावर पाणबुड्या शोधत फिरणारी. ही विमानं अंधारात फ्लेअर टाकायची. फ्लेअर म्हणजे पांढरी जळणारी स्फोटक दारू भरलेला लांबट डबा, वर छोटंसं पॅराशूट. विमानाच्या शेपटीकडच्या नळकांड्यातून एका माणसाने तो हाताने खाली ढकलायचा, सात सेकंद वात जळायची, मग भक्कन पेटायचा आणि डुलत डुलत उतरताना मैलभर समुद्र पांढराफटक करायचा. तेवढ्या उजेडात पाणबुडी दिसली तर दिसली.

सिम्युलेटरमधले फ्लेअर मात्र आइस्क्रीमच्या गाडीवरच्या दिव्यासारखे, पिवळे आणि गोडगोड. "हा काय उजेड आहे? पाणबुडीचा वाढदिवस आहे का?" असं म्हणत बाई स्वतःच कामाला लागली. तिने धूर बनवला, लाटांवरची तुटकतुटक चमक बनवली, पॅराशूट हललं की सावल्या कशा पळतात तेही बनवलं. वर्षभरात सिम्युलेटरच्या छंदिष्टांत तिचा बोलबाला झाला आणि एक दिवस संग्रहालयातून फोन आला. त्यांना युद्धातली एक खरी रात्र उभी करायची होती. लोक विमानातल्या जागांवर बसणार, बटणं दाबणार, हेडफोन लावणार.

कुठली रात्र, ते ऐकल्यावर बाई खुर्चीत बसूनच राहिली. त्या रात्री फ्लेअरच्या जागेवर होता तो तिचा मामा, आईचा थोरला भाऊ.

झालं होतं असं. यंत्रावर पाणबुडी सापडली, विमान तिच्यावर चालून गेलं, पुढून हुकूम आला, "सोड!" आणि मामाने फ्लेअर सोडला. उजेड पडायला हवा होता सात सेकंदांनी. पडला दहाव्या सेकंदाला. तोवर पाणबुडी विमानाच्या पोटाखालून मागे निघून गेली होती. पुढे नुसतं पाणी. ती बुडी मारून निसटली आणि सकाळी तिने एक मालवाहू जहाज बुडवलं. बासष्ट माणसं गेली. चौकशी बसली. दहातून वातीचे सात वजा केले, उरले तीन, ते मामाच्या नावावर मांडले आणि सगळे मोकळे झाले. अहवालात एकच वाक्य: फ्लेअर सोडणाऱ्याने तीन सेकंद उशीर केला.

मामा घरी परतला तो हे वाक्य घेऊनच. गल्लीत त्याचं नाव पडलं 'तीनसेकंद'. "काय तीनसेकंद, आज वेळेवर का?" म्हणून लोक दात काढायचे. तो शेवटपर्यंत एवढंच सांगायचा, की मी वेळेवर सोडला. दवाखान्यात नऊची वेळ असली तरी आठला दारात उभा असायचा. लाइटवाली बारा वर्षांची असताना तो गेला, आणि त्याला पोचवायला आलेल्यांतही कुणीतरी घड्याळ बघून विनोद केलाच. माणसं इतकी निर्लज्ज असू शकतात.

म्हणून तिने काम घेतलं. प्रत्येक गोष्ट जशीच्या तशी उभी करायची आणि काय होतं ते बघायचं, एवढंच तिच्या मनात होतं. मामा चुकला असेल तर चुकला. पण नसेल तर पुढची पन्नास वर्षं शाळेच्या सहली येऊन त्याला उशीर करताना बघणार, हे तिला चालणार नव्हतं.

त्या मंगळवारी ती पहिल्यांदा मामाच्या जागी बसली. "सोड!" ऐकू आलं, तिने बटण दाबलं. उशीर. पुन्हा दाबलं. उशीर. तीस वर्षं नटाच्या पावलावर दिवा टाकलेला हात तो, अर्ध्या सेकंदाने कधी चुकला नव्हता. सातव्यांदा उशीर झाल्यावर ती उठली आणि थेट प्रोग्रॅमरकडे गेली. जाड भिंगांमुळे सगळे त्याला चष्मिस म्हणायचे. दोन मुलांचा बाप, गरीब स्वभावाचा, पण स्क्रीन दाखवायला आढेवेढे घेऊ लागला.

"हे तीन कसले?" तिने स्क्रीनवर बोट ठेवलं.

चष्मिसने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बाई, खरं सांगू का? मी वात सातच सेकंदांची ठेवली होती. पण बटण वेळेवर दाबलं की फ्लेअर वेळेवर पेटायचा आणि पाणबुडी सापडायची. संचालकसाहेब म्हणाले, इतिहासात सापडली नाही, तर इथे कशी सापडेल? बटणात तीन सेकंद घाला."

"म्हणजे कुणीही दाबलं तरी उशीरच?"

"कुणीही."

"साहेबांनी दाबलं तरी?"

"साहेबांनी दाबलं तरी," तो म्हणाला आणि उगाच की-बोर्डवरची धूळ फुंकू लागला.

बाई घरी आली ती दार आपटतच. आई सोफ्यावर मटार सोलत बसली होती. वय अठ्ठ्याऐंशी, कान तल्लख, जीभ त्याहून. सगळं ऐकून तिचे हात थांबले.

"मेल्यांनी बटणात भरले होय?" ती म्हणाली. "आणि दादा बिचारा सांगून सांगून थकला, की थंडीने वात मंदावते."

"कुठली थंडी?"

"अगं, समुद्रावर आठ आठ तास उडायचं, ते नळकांडं उघडं, वारा सरळ आत. त्या थंडीत वात गारठायची आणि हळू जळायची. फ्लेअर सोडणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं ते. म्हणून पहिले दोन फ्लेअर ते कोटाच्या आत घेऊन बसायचे, अंड्यांवर कोंबडी बसते तसे. दादा हसून सांगायचा. पण त्या आठवड्यात नवा अधिकारी आला. दारू अंगाशी धरायची नाही, सगळे फ्लेअर खणात, पट्ट्याने बांधून. हुकूम म्हणजे हुकूम. आणि चौकशीला कोण बसलं? तोच अधिकारी! दादाने थंडीचं सांगितलं, ते कागदावर आलंच नाही."

"आई! हे तू मला आजवर सांगितलं नाहीस?"

"तू विचारलंस कधी? तुला आपलं पॅराशूट कसं डुलायचं, एवढंच हवं होतं."

आता बाईला दम निघेना. जहाजांसाठी संकटाचे फ्लेअर बनवणाऱ्या एका कारखान्यात तिची नाटकापासूनची ओळख होती. तिथून तिने तसल्याच दारूच्या, मोजून सात सेकंदांच्या वीस वाती आणल्या. त्या रात्रीचं तापमान विमानाच्या नोंदवहीत होतं. तिने फ्रीझरमध्ये थर्मामीटर ठेवून तो तेवढ्यावर आणला आणि दहा वाती आठ तास आत ठेवल्या.

"फ्रिजात दारूगोळा," आई म्हणाली. "मटाराला हात लावू नकोस म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी गच्चीवर एका लोखंडी घमेल्यात एकेक वात पेटवली. आई खुर्चीत बसून स्टॉपवॉच धरत होती. उबेतल्या दहाही वाती सातच्या आसपास जळाल्या. गारठलेल्यांपैकी एकही साडेनऊच्या आत आली नाही. बहुतेक दहाला टेकल्या. शेवटच्या वातीनंतर आईने स्टॉपवॉच मांडीवर ठेवलं आणि पदराने डोळे पुसले. "धूर गेला," म्हणाली. धूर केव्हाच विरून गेला होता.

वातींचे सेकंद लिहिलेला कागद घेऊन बाई संचालकांच्या खोलीत गेली. संचालक म्हणजे इस्त्रीचा माणूस. शर्टालाही इस्त्री, बोलण्यालाही.

"छान मेहनत घेतलीत," कागद न वाचताच ते म्हणाले. "पण लोकांना वात, थंडी यातलं काही कळत नाही हो. लोकांना माणूस लागतो. चुकलेला माणूस. त्यातून गोष्ट होते. शिवाय निवेदन रेकॉर्ड झालंय."

"मग पुन्हा करा."

"बाई, तुम्ही उजेडाचं बघा. आणि ऐंशी वर्षांपूर्वीचं आता काय मनाला लावून घ्यायचं?"

"ऐंशी वर्षं झाली की खोटं खरं होतं का?" तिचा आवाज बाहेरच्या शिपायापर्यंत गेला.

"असं करू," ते म्हणाले, "बाहेर पडताना एक छोटी पाटी लावू. याबाबत मतभेद आहेत, म्हणून."

"मतभेद? कुणाचे? माझ्या फ्रीझरचे?"

त्यांनी हसून घड्याळाकडे पाहिलं. "उद्घाटनाला आईंना जरूर आणा. त्या दुर्दैवी सैनिकाची बहीण म्हणून सत्कार ठेवलाय."

दुर्दैवी! बाई दाणदाण जिना उतरली. एका माणसाचं उभं आयुष्य मातीत घालायचं आणि वर त्याच्या बहिणीला गुच्छ द्यायचा, ही कुठली रीत? आपले फ्लेअर काढून घ्यायचे, असं तिने घरी पोचेपर्यंत नक्की केलं होतं. आईने ते उडवून लावलं.

"काढून घेतलेस तर ते पिवळे दिवे लावतील आणि उशीर तसाच ठेवतील. आपण जायचं. मला दादाच्या खुर्चीत बसायचंय."

उद्घाटनाला हॉल गच्च भरला होता. पाहुणे, कॅमेरे, शंभरेक माणसं. लाइटवालीने आईला हाताला धरून खुर्चीत बसवलं, हेडफोन लावला. अंधार झाला, इंजिनांची घरघर सुरू झाली. "सोड!" असा हुकूम सगळ्या हॉलला ऐकू गेला आणि आईचं बोट त्याच क्षणी बटणावर पडलं. सगळ्यांनी ते पाहिलं. मग वाट बघणं. शेवटी उजेड पडला, लाइटवालीचा तो पांढरा, डुलता, रक्ताचं पाणी करून बनवलेला उजेड, आणि पडला तो रिकाम्या पाण्यावर. निवेदकाचा जड आवाज आला: "फ्लेअर सोडणाऱ्याने तीन सेकंद उशीर केला. बासष्ट जणांना प्राण गमवावे लागले."

"वयोमानाने होतं असं, आजी," संचालक माइकवरून म्हणाले. लोक हसले.

आईने हेडफोन काढला. "माझं वयोमान राहू द्या. आधी दुसऱ्या कुणाला तरी बसवा."

रांगेतला एक बसड्रायव्हर बसला. धिप्पाड, चपळ माणूस. उशीर. "छे, मी वेळेवर दाबलं!" तो म्हणाला. एक शाळामास्तरीण बसली. तिचाही उशीर, तिचंही तेच म्हणणं. कुजबूज वाढली. "मशीन बिघडलंय," कुणीतरी म्हणालं.

"बिघडलेलं नाही," आई म्हणाली. "साहेब, आता तुम्ही बसा."

कॅमेरे वळले. नाही म्हणायची सोय नव्हती. संचालक हसत हसत खुर्चीत बसले, पण बसताना त्यांनी चष्मिसकडे पाहून भुवया उडवल्या. काढ ते तीन, असा त्याचा सरळ अर्थ होता. लाइटवालीला तो कळला. चष्मिसलाही कळला. तो हाताची घडी घालून उभा राहिला.

"सोड!"

संचालकांनी बटण दाबलं. रिकामं पाणी, जड आवाज, तीन सेकंद उशीर, बासष्ट जण. मागून कुणीतरी खो-खो हसलं.

संचालक ताडकन उठले. कान लाल झाले होते, इस्त्री पार विस्कटली होती. "मी वेळेवर दाबलं होतं!" ते ओरडले. "तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय! मी वेळेवर दाबलं!"

"पाहिलं की," आई म्हणाली. "माझा भाऊ अंधारात एकटा होता, त्याला कुणी पाहिलं नाही. मग उशीर कुणी केला?"

संचालकांनी पुन्हा चष्मिसकडे पाहिलं.

"मी केला," चष्मिस म्हणाला. आवाज चिरकला, म्हणून त्याने पुन्हा सांगितलं. "बटणात मी तीन सेकंद घातलेत. साहेबांच्या हुकमावरून."

लाइटवालीने पर्समधून वातींचा कागद काढला, संचालकांच्या हातात दिला आणि वर पेन ठेवलं.

"लिहा," आई म्हणाली. "आत्ता स्वतःबद्दल जे ओरडलात, तेच माझ्या भावाबद्दल लिहा आणि हॉलच्या दारावर लावा."

मग ती भावाच्या खुर्चीत पुन्हा बसली आणि लिहून होईपर्यंत उठली नाही.