प्रेरणेची फेरपरीक्षा

बाईंचा सगळा जीव त्या एकशेवीस प्रश्नावल्यांत अडकला होता. अकरा वर्षं त्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होत्या आणि अकरा वर्षं त्यांच्या नेमणुकीत कायम असा एकच शब्द होता, तो म्हणजे 'तात्पुरती'. पुढच्या महिन्यात कायम करण्याच्या मुलाखती होत्या. शुक्रवारपर्यंत प्रबंध विद्यापीठात पोचला तरच बाईंना आत बोलावणार होते. विषय होता विद्यार्थ्यांची प्रेरणा मोजण्याचा. नर्सिंगची मुलं कशासाठी शिकतात, इतिहासाची कशासाठी, आणि मन कोणाचं जास्त लागतं? चाळीस वाक्यं होती, पूर्ण पटलं तर पाच, अजिबात नाही पटलं तर एक.

नेमक्या प्रश्नावल्या वाटायच्या आठवड्यात लेकीला कांजिण्या झाल्या. तेव्हा हेडक्लार्कनी ते काम आपणहून अंगावर घेतलं. सगळं कॉलेज त्यांना शिक्केकाका म्हणायचं. माणूस मोठा मायाळू, पण कागदापुढे सख्ख्या भावालाही ओळखणार नाही. एकतीस वर्षांत त्यांच्या खिडकीतून एक अपुरा अर्ज पुढे सरकला नव्हता.

"तुम्ही लेकीकडे बघा, बाई," ते फोनवर म्हणाले होते. "एकही कागद कच्चा राहणार नाही, ही माझी हमी."

लेकीचे फोड वाळले आणि बाई सोमवारी कॉलेजात आल्या, तर टेबलावर गठ्ठा तयार. त्यांनी आकडे संगणकात भरले, सरासरी काढली आणि त्यांना घाम फुटला. पाचापैकी चार पूर्णांक नऊ! 'मी सकाळी उठून आनंदाने अभ्यासाला बसतो' या वाक्याला शंभरावर जणांनी पाच दिले होते. त्यातल्या निम्म्यांना दहाच्या तासाला जागं ठेवताना बाईंच्या नाकी नऊ यायचे. मग त्यांचं लक्ष कागदांच्या कोपऱ्याकडे गेलं. प्रत्येकावर लाल शाईत दोनशेपैकी बेरीज होती आणि खाली शिक्का होता, 'उत्तीर्ण'.

"काका, हे काय?"

"तपासून दिलेत," काका अभिमानाने म्हणाले. "पहिल्या खेपेला निकाल फार वाईट होता हो. एकशेसाठच्या वर एकसुद्धा नाही. म्हटलं, बाईंच्या प्रबंधाचा प्रश्न आहे, असले कागद पुढे कसे पाठवायचे? मग रविवारी सगळ्यांची फेरपरीक्षा घेतली. पास झाल्याशिवाय हॉलतिकीट मिळणार नाही, म्हणून बजावलं."

"आणि आधीचे कागद?"

"रद्दीत. बारीक तुकडे करून."

बाईंना हसावं की रडावं कळेना. हॉलतिकिटाच्या धाकाने पोरं एका रविवारात डोक्यापासून पायापर्यंत प्रेरित झाली होती! पुन्हा भरून घ्यावं तर परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी लागलेली, सगळी आपापल्या घरी पांगलेली.

"एकच पोरगी हट्टी निघाली," काकांनी आपल्या खणातून वेगळे ठेवलेले तीन कागद काढले. "इतिहासाची आहे. दिसायला गरीब गाय, पण तीनदा बसवली तरी तिन्ही वेळा एक्याण्णव. शेवटी मीच दमलो आणि हॉलतिकीट देऊन टाकलं."

बाईंनी तिन्ही कागद शेजारी ठेवले. आकडा न् आकडा तोच. 'या विषयामुळे मला नोकरी मिळेल' याला एक. 'वर्गात शिकवलेलं मला समजतं' याला दोन. 'पदवी मिळणार नसली तरी मी हा विषय शिकेन' याला मात्र पाच, तेही पेन दाबून. तिसऱ्या कागदाच्या समासात लिहिलं होतं, 'काका, परत विचार केला. तरी हेच खरं आहे.' बाईंना त्या न पाहिलेल्या पोरीचा एकदम लळा लागला.

मार्गदर्शक सर सरासरी बघून खुलले. "चार पूर्णांक नऊ! प्राचार्य दारावर फलक लावतील."

बाईंनी सगळी कथा सांगितली. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे तुम्ही मला सांगितलंच नाही, असं धरू. ती एक पोरगी तेवढी अपवाद म्हणून काढून टाका आणि सही करा."

समोर प्रतिज्ञापत्र होतं: 'वरील माहिती विद्यार्थ्यांनी मोकळेपणाने दिलेली आहे.' खोटं कशाला बोला, बाईंना सही करायची होती. अकरा वर्षं काय थोडी झाली? त्यांनी पेनचं टोपण काढलंही होतं. पण 'काढून टाका' हे शब्द कानात राहिले आणि तळपायाची आग मस्तकात गेली. एकशेवीस जणांत खरं बोललेली ती एक, आणि काढायची ती तिलाच?

"सर, काढायच्याच तर बाकीच्या एकशेएकोणीस काढाव्या लागतील."

"मग सहा महिन्यांची मुदतवाढ मागा. मुलाखतीचं नाव सोडा."

"सोडलं," बाई म्हणाल्या. जिना उतरताना मात्र त्यांचे डोळे भरून आले होते.

त्यांनी खिडकीत जाऊन मुदतवाढीचा अर्ज मागितला. का ते ऐकून काकांचा चेहरा खर्रकन उतरला.

"म्हणजे माझ्यामुळे?"

"तुम्ही चांगल्या मनाने केलंत, काका."

"चांगल्या मनानेच तर घात झाला," असं म्हणत त्यांनी अर्ज पुढ्यात ओढला आणि स्वतःच भरायला घेतला. 'विलंबाचे कारण' या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं.

"कौटुंबिक अडचण लिहा," बाई म्हणाल्या. "कांजिण्या होत्याच की. तुमच्या निवृत्तीला दहा महिने उरलेत, उगाच शेरा कशाला ओढवून घेता?"

"माझ्या खिडकीतून खोटा अर्ज जात नाही, बाई."

आणि त्यांनी सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'कार्यालयाने संशोधनास केलेली मदत.' खाली दोष कोणाचा, असा रकाना छापलेला नव्हता. तो काकांनी पट्टीने आखून घेतला आणि त्यात आपलं पूर्ण नाव लिहून सही केली.