अक्षता पडेपर्यंत

लेकीच्या लग्नात बापाला पाठ टेकायला फुरसत नसते म्हणतात. उदयसिंहांना मात्र सकाळी सातपासून कार्यालयातल्या एका खुर्चीत बसवून ठेवलं होतं. खुर्ची गादीची होती, शेजारी पंखा होता, हाताशी पाण्याची बाटली होती आणि दर दहा मिनिटांनी कुणी ना कुणी येऊन "बरं वाटतंय ना?" विचारून जात होतं. न्हावा शेवाच्या बंदरात तीस वर्षं कंटेनरच्या कागदपत्रांशी झगडलेला हा माणूस आज देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखा बसला होता. मूर्तीला निदान कुणी तब्येत तरी विचारत नाही.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडायला लागले. आत गुठळी होऊन मेंदूकडे जाऊ नये म्हणून डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची गोळी दिली. सकाळी आठला एक, रात्री आठला एक, जन्मभर. रक्त पातळ झालं की लागलं-खुपलं तर थांबायला वेळ लागतो, तेवढं सांभाळा, असंही ते म्हणाले. शोभाताईंनी, म्हणजे उदयसिंहांच्या पत्नीनं, ते 'तेवढं' फारच मनावर घेतलं. घरातली विळी गेली. दाढीचं ब्लेड गेलं. स्कूटर विकली गेली. नवीन पनवेलच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये टेबलाच्या कोपऱ्यांनासुद्धा रबर लागलं.

एकदा सगळे गोव्याला निघाले असताना उदयसिंहांच्या नाकातून दोन थेंब रक्त आलं, तर मुलानं, अपूर्वनं, पेणहून गाडी मागे फिरवली. परतीच्या वाटेवर कुणी चकार शब्द काढला नाही. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून उदयसिंह लपवायला शिकले. हिरड्यांतून रक्त आलं की बेसिन स्वतः धुवायचं, हातावर काळानिळा डाग उमटला की पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा.

मार्गशीर्षात कादंबरीचं, त्यांच्या मुलीचं, लग्न ठरलं होतं. हळदीच्या तोंडावर उदयसिंहांना काळी शौच व्हायला लागली. पोटात रक्तस्राव होतोय हे त्यांना कळत होतं. दोन दिवस त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही. तिसऱ्या दिवशी घेरी येऊन पडले, तीन बाटल्या रक्त चढवावं लागलं आणि लग्न वैशाखावर गेलं. मुलाकडची पुण्याची माणसं सालस, त्यांनी समजून घेतलं. पण लोक समजून एकदाच घेतात, असं उदयसिंहांच्या मनानं घेतलं. ह्या खेपेला मुहूर्त चुकायचा नाही आणि कन्यादान आपल्या हातांनी करायचं, एवढाच त्यांचा हट्ट होता.

त्यापायी ते दिवसभर मुकाट खुर्चीत बसूनही राहिले असते. पण नऊ वाजता आतून मसालेभाताचा वास आला. आचाऱ्याला मीठ बेतानं घालायला सांगावं, तेवढंच आपल्या हातून एक काम होईल, असं म्हणून ते उठले. भटारखान्याचं शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. जाताना वाकून गेले. येताना एक पाऊल आधीच ताठ झाले आणि शटरची खालची लोखंडी पट्टी डोक्यावर बसली. आचारी तळणीच्या आवाजात होता, त्याला काही ऐकू गेलं नाही. घड्याळात नऊ दहा झाले होते.

रक्त बाहेर आलं नाही. तेच वाईट होतं. डोक्याला मार लागला तर दुखो न दुखो, तडक दवाखाना, ही डॉक्टरांची ताकीद शोभाताईंनी फ्रिजवर चिकटवलेली होती. चार वर्षं पाणी प्यायला उठलं की ती वाचायची. उदयसिंहांना ती पाठ होती, आणि पाठ असलेली गोष्ट विसरल्याचं सोंग आणता येत नाही. मुहूर्त बारा एकवीसचा होता. ते खुर्चीत परत येऊन बसले आणि मनाशी म्हणाले, अक्षता पडेपर्यंत. पडल्या की सांगतो.

साडेदहाला फेटेवाला आला. गव्हाणचा काशिराम, पन्नाशीचा, बोटं चपळ. पहिला वेढा घेताना त्याची बोटं थांबली.

"सायेब, हितं टेंगूळ आलंय. ताजं हाय."

"बांध तू."

"दाबंल ना त्याच्यावर."

"दाबू दे. दिसायला नको कुणाला."

"मी फेटं बांधतो सायेब, लपवाछपवी नाय करत. बाईंना बोलवू का?"

उदयसिंहांनी त्याचं मनगट धरलं. "हे लग्न एकदा माझ्यापायी मोडता मोडता राहिलंय, काशिराम. अक्षता पडल्या की मीच सांगतो."

काशिरामनं घेतलेला वेढा उलगडला. मग त्या बाजूला सैल ठेवून त्यानं फेटा बांधला. "अक्षता पडल्या की सांगा बरं," एवढं बोलून तो पुढच्या डोक्याकडे गेला.

आता गंमत अशी, की फेटा बांधलेल्या माणसाला कुणी खुर्चीत बसू देत नाही. ज्याला चार वर्षं जिना चढू दिला नव्हता, त्याला आता व्याही भेटायला आले, मिठ्या मारायला लागले, मान वर करा म्हणून फोटोवाला हनुवटीला हात लावायला लागला. बाहेर पडायचं म्हटलं तरी वाट नव्हती. समोर तीनशे माणसं, मागे फुलांची भिंत. उदयसिंह हसत होते आणि आतल्या आत स्वतःचं डोकं तपासत होते. सतराचा पाढा म्हणून पाहिला. सतरा साते एकशे एकोणीस. सतरा आठे एकशे छत्तीस. ठीक. जीभ जड होतेय का? ठीक. व्याह्यांचं नाव? आठवलं. दुखत तर मुळीच नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं. फक्त डोकं भरून आल्यासारखं वाटत होतं, आणि नऊ वार कापड डोक्यावर असलं की कुणाचंही भरून येणारच.

बारा एकवीसला अक्षता पडल्या. वाजंत्री सुरू झाली. उदयसिंह शोभाताईंकडे वळले. तोंड उघडलंही होतं. पण शोभाताई हसत होत्या. चार वर्षांत हे हसणं त्यांनी पाहिलं नव्हतं. बायकोचं हसू आपल्या हातानं पुसायचं, आणि तेही अशा क्षणी, हे त्यांच्यानं होईना. कन्यादान झालं की सांगू, असं त्यांनी ठरवलं. माणूस मुदत वाढवायला लागला की त्याला थांबवणारं कुणी नसतं.

कन्यादानाला बसले. सत्यजीतच्या, म्हणजे नवऱ्या मुलाच्या, ओंजळीवर कादंबरीची ओंजळ, वर उदयसिंहांचे हात. शोभाताईंनी पाण्याची झारी धरली. गुरुजींनी संकल्प सुरू केला आणि मध्येच थांबून विचारलं, "वधूच्या पणजोबांचं नाव सांगा. म्हणजे तुमच्या आजोबांचं."

उदयसिंहांनी तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. वडिलांचं नाव आलं, गावाचं आलं, आजोबांच्या जागी नुसता अंधार. गुरुजींनी पुन्हा विचारलं. संपलं, त्यांना वाटलं. आलं डोक्यात रक्त.

"धोंडजीराव," शोभाताई शेजारून म्हणाल्या, आणि मग त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. "काय झालंय?"

"शटर लागलं डोक्याला," उदयसिंह हळूच म्हणाले. "पाच मिनिटं थांब. एवढं पाणी पडू दे."

शोभाताईंनी झारी खाली ठेवली. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. आपल्या भावाला आणि वहिनीला हाक मारून म्हणाल्या, "इथं तुम्ही दोघं बसा." कादंबरी उठायला लागली, तशी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला बसवलं. "तू उठलीस तर ह्यांनी हे ज्यासाठी केलं तेही वाया जाईल. अपूर्व, गाडी काढ."

उदयसिंहांच्या हाताखालून लेकीचे हात निघून गेले. ज्यासाठी तीन तास गिळून काढले, तेच त्यांच्या हातून झालं नाही. मंडपातून बाहेर पडताना मागे गुरुजींचा आवाज पुन्हा सुरू झाला आणि त्यांनी मान वळवून पाहिलंही नाही. पाहण्याची त्यांची छातीच नव्हती.

गाडीत ते पुटपुटत होते, "धोंडजीराव. आजोबांचं नाव विसरलो मी, शोभा. भरलं डोकं."

"ते तुम्हाला कधीच ठाऊक नव्हतं," शोभाताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "तुमच्या जन्माआधी गेले ते. घरात सगळे मोठे आबाच म्हणायचे. अपूर्वच्या लग्नातही मीच सांगितलं होतं."

उदयसिंहांनी क्षणभर सुटल्यासारखा श्वास सोडला. म्हणजे डोकं शाबूत होतं. म्हणजे उगीच बोललो. म्हणजे अजून बसता आलं असतं. असाच हिशेब करत ते दवाखान्यात शिरले, ह्याला काय म्हणावं.

स्कॅनमध्ये कवटीच्या आत रक्ताची एक बारीक रेघ दिसली. डॉक्टर तरुण होती, समीक्षा नावाची. म्हणाली, गोळी आजपासून बंद, तिचा असर उतरवायचं इंजेक्शन देतोय, सहा तासांनी परत स्कॅन, रेघ वाढली तर ऑपरेशन. मग कागदावरून मान वर करून तिनं विचारलं, "लागलं किती वाजता?"

अपूर्व म्हणाला, "अर्ध्या-पाऊण तासापूर्वी. मंडपातच."

खोलीत सगळे उदयसिंहांकडे बघत होते. हा आकडा चुकवता आला असता. कुणाला कळलंही नसतं.

"नऊ दहाला," ते म्हणाले.

भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजत होता. अपूर्व बाहेर निघून गेला. शोभाताई पलंगाशेजारच्या स्टुलावर बसल्या आणि नवऱ्याच्या डोक्यावरून काढलेला फेटा मांडीवर घेऊन उलगडायला लागल्या.

"विळी मी काढून घेतली," त्या म्हणाल्या. "ब्लेड काढून घेतलं, स्कूटर विकली. कळत होतं मला, तुम्हाला कोंडल्यासारखं होतंय ते. मीही त्याच घरात होते. तुम्हाला एकटं टाकून चार वर्षांत माहेरी गेले नाही. पण सगळं काढून घेताना एकच गोष्ट तुमच्याकडे ठेवली होती. लागलं तर सांगायचं. तेवढी एकच. तीही तुम्ही केली नाहीत. मार्गशीर्षातही नाही, आजही नाही."

उदयसिंहांना बोलायचं होतं, की मी हे पोरीसाठी केलं. पण ते वाक्य तोंडात आलं आणि खोटं वाटलं. गाडी पुन्हा पेणहून फिरू नये, पुन्हा सगळे आपल्यापायी गप्प बसू नयेत, एवढंच खरं होतं. पोरीचं नाव त्यावर त्यांनी नंतर चिकटवलं होतं.

डॉक्टर समीक्षा इंजेक्शन भरून आली. "काका, डोकं दुखतंय का?"

"नाही," असं म्हणायला जीभ सवयीनं उचलली गेली. शोभाताई फेट्याची घडी घालत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. आज पहिल्यांदाच त्या त्यांच्यावर नजर ठेवून नव्हत्या.

"दुखतंय," उदयसिंह म्हणाले. "सकाळपासून दुखतंय. खूप दुखतंय."